भर रस्त्यातून चालणाऱ्या गमरेबाई

निवृत्तीनंतर मी पनवेलला मुलीकडे राहायला आलो. संध्याकाळी भाजी आणायला बाहेर पडलो की ती खिडकीतून बघत असते आणि परत आलो की तिचं ठरलेलं बोलणं सुरू होतं. "बाबा, फुटपाथ कशाला बांधलाय? रस्त्याच्या मधून का चालता?" मी पिशवी ओट्यावर ठेवतो आणि भाजी निवडायला घेतो. फुटपाथवर दुकानांच्या गॅलऱ्या आल्या आहेत, त्या कुणी बांधल्या आणि कुणी तपासल्या हे मला ठाऊक नाही, असं सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. खरं तर ही सवय माझी नाहीच. ती मला गमरेबाईंनी लावली.

आगरदांड्याच्या जेट्टीपासून फारसं लांब नसलेल्या एका छोट्या गावच्या नगरपरिषदेत मी नोकरी केली. माझं टेबल बांधकाम परवानगीचं. कुणाला घर बांधायचं असलं, वर मजला चढवायचा असला, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या काढायच्या असल्या, की त्याची फाइल माझ्यासमोर यायची. सातबारा, मोजणीचा नकाशा, घराचे नकाशे, समुद्र जवळ असला तर सीआरझेडचं नाहरकत, आणि इमारत उभी राहील अशी इंजिनिअरची हमी. बहुतेक फायली माणसांसारख्याच असायच्या, वरून इस्त्री आणि आतून गोंधळ. शकुंतला गमरे या बाईंची फाइल आली की मी चहा सांगायचो. ती वाचायला निवांत वेळ लागायचा आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

बाई स्ट्रक्चरल इंजिनिअर. घराचं हाडकाम बघणाऱ्या, असं त्या स्वतःच म्हणायच्या. उंची बेताची, केस घट्ट बांधलेले, सुती साडीवर पायात पुरुषी बूट आणि खांद्याला शबनम. शबनममध्ये मेजपट्टी, ओळंबा, आणि पोळीभाजीचा स्टीलचा डबा. या डब्याला आमच्या ऑफिसात फार मान होता. स्लॅबचा माल ओतण्याआधी सळया नीट बांधल्यात ना, याचे फोटो फायलीत लावायचे असतात. फोटोत सळी किती जाड आहे आणि किती अंतरावर आहे हे कळावं म्हणून शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवावं लागतं. बाई आपला डबा ठेवायच्या. प्रत्येक फोटोत डबा. कधी तुळईवर, कधी जिन्यात, कधी पाण्याच्या टाकीच्या तळाशी. अलिबागहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी फाइल चाळता चाळता मला गंभीरपणे विचारलं, "म्हात्रे, या बाई साइटवर जेवायला जातात की कामाला?" मी म्हटलं, "साहेब, डबा फोटोत दिसला की आम्ही समजतो, बाई स्वतः वर चढल्या होत्या." साहेबांनी पुन्हा पहिल्या पानापासून फोटो बघितले. पुढे सगळं ऑनलाइन झालं, फाइल संगणकात चढवायची पद्धत आली, तरी डबा काही सुटला नाही. तो संगणकातही चढला.

बाईंची बोलण्याची एक लकब होती. कुणी खात्री द्यायला लागलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "बरं, पुढे?" ठेकेदार सांगायचा, "मॅडम, सिमेंट एक नंबर वापरलंय." बरं, पुढे? "वाळू धुतलेली आहे." बरं, पुढे? "मिस्त्री आपला जुना आहे." बरं, पुढे? असं करत करत तो माणूस आपोआप खऱ्यावर यायचा. मला वाटतं, आवाज न चढवता माणसाला भंडावून सोडण्याचा यापेक्षा चांगला उपाय नसावा. मी तो घरी बायकोवर एकदा करून बघितला. तो फक्त बाईंनाच जमायचा.

एकदा त्या एका ठेकेदाराला घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. त्याला समुद्रावरच्या रस्त्याला पाहुण्यांसाठी तीन मजली घर बांधायचं होतं. खोल्या मोठ्या निघाव्यात म्हणून जिना त्याने इतका चेपून अरुंद केला होता की नियमाच्या जवळपासही नव्हता. बाईंनी तो रुंद करायला सांगितला आणि तो मला साक्षीला ठेवून वाद घालायला आला होता. "मॅडम, माणूस आरामात जातो हो," तो म्हणाला.

"बरं, पुढे? आजारी माणूस जातो का?"

"धरून नेऊ की."

बाईंनी ऑफिसातली दोन लोखंडी कपाटं शिपायाकडून सरकवून घेतली आणि मधली फट मेजपट्टीने मोजून त्या जिन्याएवढी केली. मग मला म्हणाल्या, "म्हात्रे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसा. तुम्हाला छातीत दुखतंय असं समजा." मी बसलो. ठेकेदाराने पुढून आणि त्याच्या माणसाने मागून खुर्ची उचलली, आणि निम्म्या वाटेत माझी दोन्ही कोपरं कपाटांना घट्ट बसली. पुढे जाईना, मागे येईना. तेवढ्यात मुख्याधिकारी केबिनमधून बाहेर आले. थोडा वेळ त्यांनी हा प्रकार बघितला आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

"जिन्याची तपासणी, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "झाली की म्हात्रेंना बाहेर काढा, मला एक पत्र टाइप करायचंय." ठेकेदाराने नवा नकाशा आणला. मला मात्र पुढे कितीतरी दिवस लोक छातीची चौकशी करत होते.

आणि आता त्यांचं चालणं. बाजारपेठेचा आमचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या रस्त्यावर आलेल्या. ऊन असो, पाऊस असो, सगळी दुनिया त्या गॅलऱ्यांच्या आडोशाने चालायची. बाई भर रस्त्यातून. मागून रिक्षावाले हॉर्न मारून थकायचे. तुफान पावसात त्या छत्री सावरत मधून चाललेल्या असायच्या आणि मग अचानक एका मेडिकलच्या गॅलरीखाली शिरायच्या, तिच्या लांबीपुरतं कोरडं चालायच्या आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध. लोकांना आधी वाटलं, बाईंचं डोकं जरा सरकलेलं आहे. एकदा मी त्यांना विचारलंच. त्या म्हणाल्या, "जिच्यावर माझी सही आहे, तिच्याखालून जाते की. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गावात गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. नव्या इमारतीत फ्लॅट बघायला आलेले लोक खाली पानाच्या गादीवर हळूच चौकशी करायला लागले, बाई हिच्याखालून जातात का म्हणून. एक बिल्डर त्यामुळे फार हैराण झाला. त्याने बाईंना गाठून विनवलं, "मॅडम, पावसात भिजता, आमच्या गॅलरीखालून जात जा ना." बाई म्हणाल्या, "नकाशे पाठवा, हिशोब पाठवा, सळयांचे फोटो पाठवा. मग येते." दुसऱ्या दिवशी त्याने एक नवी कोरी छत्री पाठवली. बाईंनी आणणाऱ्या माणसाबरोबरच ती परत केली आणि निरोप दिला, "छत्री आहे माझ्याकडे. गॅलरीचा हिशोब नाही."

बाई बुद्धवाडीत राहायच्या, आई आणि थोरला भाऊ यांच्यासोबत. भाऊ यशवंतदादा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वाडीचे पुढारी. आवाज घाटात हॉर्न द्यावा तसा. आई ऐंशीच्या घरातली, वाळकी, काटक. तिने उभा जन्म बांधकामांवर घमेली वाहिली होती. गावातल्या निम्म्या स्लॅबांवर तिच्या डोक्यावरचा माल पडलेला होता.

वाडीने समाजमंदिर बांधायला काढलं तेव्हा फाइल अर्थातच बाईंनी केली. खाली मोठी खोली, वर अभ्यासिका आणि रस्त्याच्या अंगाला एक लांब गॅलरी. गॅलरी आईच्या हट्टामुळे आली. जयंतीची मिरवणूक वाडीतून निघते आणि याच रस्त्याने जाते. आई मला एकदा नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर भेटली होती, तेव्हा म्हणाली, "साहेब, मी लोकांच्या घरांवर चढले ती घमेलं घेऊनच. माल टाकला की खाली. एकदा रिकाम्या हातांनी गॅलरीत उभं ऱ्हायचं हाय मला. मिरवणूक बघायची हाय." मी साहेब नव्हतो, साधा क्लार्क होतो, पण ते तिला पटलं नसतं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळ्या सळया तपासल्या, डबा ठेवून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खाडीपलीकडे दिघीला एक काम होतं. दुपारच्या आत येते म्हणून गेल्या, आणि तिकडे फेरीबोट बंद पडली. इकडे मिक्सर भाड्याने आणलेला, वाडी सगळी श्रमदानाला जमलेली, बायकांनी जेवणाची चूल पेटवलेली. दादांनी थोडी वाट बघितली आणि नारळ फोडला. बाई परत आल्या तेव्हा स्लॅब भरून झाला होता आणि पंगत बसली होती. त्यांनी वर जाऊन बघितलं. वरून सगळं गुळगुळीत, छान दिसत होतं.

पुढे काम पुरं झालं आणि भोगवटा दाखल्यासाठी फाइल माझ्याकडे यायची वेळ आली. त्या दाखल्याशिवाय इमारत वापरता येत नाही. जयंती जवळ आलेली. दादा स्वतः ऑफिसात आले, सोबत बाईही होत्या. दादांना दाखल्याबरोबर उद्घाटनाच्या पत्रिकेचीही घाई होती. पत्रिकेवर टाकायला कुठला फोटो छान दिसेल म्हणून ते मोबाइलमधले स्लॅबच्या दिवशीचे फोटो मला दाखवत होते. सगळी वाडी हसतेय, डोक्याला रुमाल, हातात घमेली. एका फोटोत त्यांची आई. पहिलं घमेलं तिच्या हातून टाकायचं ठरलं होतं. गॅलरीच्या सळयांवर उभी, घमेलं डोक्यावर, तोंडभर हसू, आणि तिच्या मागे बायकांची रांग.

"हा टाका," मी म्हटलं.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा केला. आईचं तोंड बाजूला गेलं आणि पाय समोर आले. त्या कितीतरी वेळ ते पाय बघत राहिल्या. मग टेबलावरची फाइल उचलून शबनममध्ये घातली.

"काय झालं?" दादा म्हणाले.

"गॅलरी तपासायला लागेल."

फाइल पूर्ण होती. आदल्या दिवशीचे डब्याचे फोटो होते, हिशोब होता, एकही कागद कमी नव्हता. मी ती डोळे मिटून पुढे पाठवली असती आणि नियमाने बरोबरच ठरलो असतो. बाईंना उद्या कुणी जाब विचारला असता तर दाखवायला सगळं होतं. दादांनी हेच सांगून बघितलं. मग म्हणाले, "शकू, आपली माणसं हायत ती."

"बरं, पुढे?" बाई म्हणाल्या. त्या दिवशी मला ते दोन शब्द बोलताना त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकू आला.

दोन दिवसांनी वाडीची बैठक होती. नगरपरिषदेचं कुणीतरी असावं म्हणून बाईंनी मला बोलावलं. समाजमंदिरातच सगळे सतरंजीवर बसलेले, आई भिंतीला टेकून. दादा गरजत होते. "सळईवर पाय पडणारच. माल काय आभाळातून टाकायचा? मी भरलेली गाडी घाटातून चालवली, कधी काय झालं न्हाय, आणि ही म्हणते गॅलरी पडेल."

बाईंनी त्यांना उभं केलं. "दादा, हात समोर आडवा धर." त्यांच्या पंज्यावर त्यांनी आपली शबनम अडकवली. मेजपट्टी, ओळंबा, डबा, सगळ्यासकट. "धरून ठेव. आता सांग, कुठं ताणतंय? हाताच्या वरून की खालून?"

दादांनी थोडा वेळ धरलं. हात थरथरायला लागला. "वरून. खांद्यावर."

"गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. तिला वरूनच ताण बसतो. म्हणून तिचं लोखंड वर पाहिजे. आदल्या दिवशी ते वर होतं. श्रमदानाला सगळे त्याच्यावरून चालले आणि ते दबून तळाला गेलं असणार."

मग आईने विचारलं, "म्हंजे मीच तुडवलं?"

"सगळ्यांनीच, आई."

"पयलं घमेलं माझं होतं."

ती काही रडली नाही. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी एवढी जिंदगी वर चढले. माल टाक, खाली ये, एवढंच सांगायचे. पाय कुठं ठेवायचा, त्ये आमाला कुणी कधी सांगितलंच न्हाय." बाईंनी मान खाली घातली. गॅलरीवर फळ्या टाका, त्यांच्यावरूनच चाला, हे सांगायला त्या स्वतः तिथे उभ्या राहणार होत्या. आणि त्या दिवशी बोट बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी छन्नीने गॅलरी मुळाशी खोदून बघितली. एका बोटावर लोखंड लागायला हवं होतं. ते चार बोटं खाली लागलं. दादांनी आपलं बोट त्या भोकात घालून बघितलं, पुन्हा घालून बघितलं आणि उठून घरी गेले. गॅलरी तोडली. त्या वर्षी उद्घाटन लांबलं. जयंतीला आई रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या डोक्यावर, जिथे गॅलरी होती तिथे, भिंतीला ओबडधोबड जखम होती. पुढाऱ्यांच्या गर्दीत तिला मिरवणूक धड दिसलीसुद्धा नसेल. दादा बहिणीशी बोलत नव्हते. वाडीतली पोरंसोरं बाईंना बघून हात आडवा धरून दाखवायची. बाई तशाच रस्त्याच्या मधून ऑफिसला यायच्या. एवढंच की डबा पुष्कळदा न उघडता परत न्यायच्या. आईचं वय बघता पुढची जयंती तिला मिळेल की नाही, याचा विचार त्यांच्या मनात येत असणार. माझ्याही यायचा. मला त्या दिवसांत त्यांच्याबद्दल फार वाईट वाटायचं आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्यांनी "बरं, पुढे?" म्हटलं असतं.

पावसाळ्यानंतर गॅलरी नव्याने भरली. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो. वरच्या सळया खाली बसू नयेत म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या लोखंडाचे टेकू दिले होते आणि वरून चालायला विटांवर फळ्या टाकल्या होत्या. बाई एका टोकाला उभ्या. पण खरा दरारा खाली होता. आईला आता जिना चढवत नव्हता. ती रस्त्यावर खुर्ची टाकून बसली होती, हातात काठी. ज्याचा पाय जरा इकडेतिकडे होई त्याला खालून आवाज यायचा, "अरं मुडद्या, फळीवर. सळईवर न्हाय, फळीवर." दादाही एकदा चुकले. त्यांनाही तेच ऐकायला लागलं. त्यावर बाई हसल्या आणि दादाही हसले, आणि मला वाटतं त्या दोघांचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

पुढच्या जयंतीच्या वेळी माझी निवृत्ती आली होती आणि सामान पनवेलला निघायचं होतं. जाण्याआधी मिरवणूक बघून घ्यावी म्हणून मी वाडीकडे गेलो. एप्रिलचं ऊन, निळे झेंडे, ढोलताशा, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. समाजमंदिराच्या गॅलरीत वाडीतल्या सगळ्या बायका दाटून उभ्या होत्या. मधोमध आई. दादांनी तिला पाठीवर घेऊन जिना चढवला होता, हे मला नंतर कळलं. कुणीतरी फुलांची परडी तिच्या हातात द्यायला गेलं, मिरवणुकीवर उधळायला. तिने ती दुसरीकडे ढकलली. दोन्ही हात मोकळे करून कठड्यावर ठेवले आणि तशीच उभी राहिली.

मी बाईंना शोधत होतो. सवयीने रस्त्याच्या मधे बघितलं. तिथे त्या नव्हत्या. वर गॅलरीतही नव्हत्या. ढोल जवळ आले, वरच्या बायका नाचायला लागल्या आणि तेवढ्यात आईने कठड्यावरून वाकून हाक मारली, "शके, कुठं हाय गं?"

आवाज बरोबर तिच्या पायांखालून आला. गॅलरीच्या सावलीत, भिंतीला पाठ टेकून बाई निवांत उभ्या होत्या. हातात उघडा डबा होता आणि त्या पोळी खात होत्या.

"हितंच हाय, आई," त्या म्हणाल्या. "तुझ्या खाली."